तोफ मोजून आण

अकोट

चि. भाच्यास,


तुझा संगणकावर केलेला विजयंता रणगाडा पाहिला. नुसतं चित्र पाहून थांबलो नाही; तू शिकवलं होतंस तसं फाईल उघडून, चहूबाजूंनी फिरवून, पोटाखालूनसुद्धा पाहिला. काम चिकाटीनं केलेलं आहे, हे कुणालाही दिसेल. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण तू विचारलंस, ‘मित्र म्हणतो खेळण्यातला वाटतो. मामा, तुम्हीच सांगा, वाटतो का?’ तर हो, वाटतो. का वाटतो तेही सांगतो. मित्रानं ते सांगितलं नाही आणि तूही त्याला विचारलं नाहीस, नुसता रुसून बसलास.

कडा बघ. आम्हा फिटर लोकांना कडेचं वेड असतं. जगात कुठलीही कड ब्लेडच्या धारेसारखी नसते, ती कुठंतरी किंचित मारलेली असते, हे तुला माहीत आहे. म्हणून तू सगळीकडे बेव्हल दिलंस. ते बरोबरच केलंस. पण सात-आठ मीटर लांबीच्या रणगाड्याच्या जाड पोलादी पत्र्याची कड तू चार बोटं गोल केलीस. एवढी गोलाई प्लॅस्टिकच्या वस्तूला असते, कारण ती साच्यातून सुटायला हवी असते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळा फसत नाही. त्याला वस्तू वीतभर वाटते आणि तोंडून ‘खेळणं’ निघतं. बेव्हल कमी कर, जोडावर वेल्डिंगची खडबडीत रेघ आण, रंगाच्या टेक्स्चरचे दाणे बारीक कर. रणगाडा आपोआप मोठा होईल.

दुसरं म्हणजे पट्टा. तुझा वरचा पट्टा पट्टीनं रेघ ओढल्यासारखा सरळ आहे. विजयंताचं ओढणारं दातेरी चाक मागं असतं. ते पुढं जाताना खालच्या पट्ट्याला ताण देतं आणि वरचा पट्टा सैल पडतो. वरती आधाराला तीन रोलर आहेत, त्यांच्या मधल्या जागेत त्याला झोळ पडायलाच हवा. लोखंडाला वजन असतं रे! आणि ते नट: सगळ्यांचे सहाही कोपरे एकाच दिशेला! एकाची नक्कल करून सगळीकडे डकवलेत हे उघड दिसतं. पान्यानं आवळलेला नट जिथं घट्ट बसेल तिथं थांबतो, शेजारच्याकडे बघून थांबत नाही. प्रत्येकाला थोडा थोडा फिरव, पाच मिनिटांचं काम आहे.

हे सगळं तुला फोटोतून कळणार नाही असं नाही, पण फोटोत आपण शोधतो तेवढंच दिसतं. तू पुण्याला आहेस. अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या नगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, 1994 साली सुरू झालेलं. एका रविवारी मित्राला घेऊन जा. त्याच मित्राला, जो ‘खेळणं’ म्हणाला. दोघं मिळून एकाच रणगाड्याभोवती तासभर फिरा. बूट टेकवून वर चढण्याची जागा कुठं घासली आहे, पावसाचं पाणी कुठं साचून गंज खाली ओघळला आहे, हे पाहा. तेवढ्या तासाभरात तुमचं भांडणही मिटेल.

आता मित्रांविषयी. ‘भारी’, ‘एक नंबर’, ‘जाळ’ हे शब्द ऐकायला गोड लागतात, पण त्यांतून हाताला काही लागत नाही. दोष त्यांचा नाही. तू काम पूर्ण करून, दिवे लावून, धूर सोडून, सूर्यास्त मागे ठेवून चित्र पाठवतोस. अशा चित्राला माणूस आणखी काय म्हणणार? काम अर्धं असताना दाखव. रंग नसलेलं करडं रूप आणि जाळी दिसणारं वायरफ्रेम पाठव, आणि नेमकं विचार: ‘तोफेची नळी बुरुजाला जिथं मिळते तिथलं माप खटकतं का?’ मग उत्तरही नेमकं येतं. उत्तर आलं की लगेच खुलासे देत बसू नकोस. ‘मी मुद्दामच तसं ठेवलं’ हे वाक्य आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक नवा पोरगा बोलायचा आणि त्या वाक्यापाशीच त्याचं शिकणं थांबायचं. दुसऱ्याच्या कामावर बोलताना मात्र दोष कुठं आहे हे बोट ठेवून सांग, आणि तो कसा जाईल तेही सांग. ज्याला नुसता दोष दिसतो त्यानं अजून पुरतं पाहिलेलं नसतं.

आणि तुझ्या सोबत्यांपलीकडेही एक जात आहे, जिचा अभिप्राय तू घेतच नाहीस. मागं तू बैलबंडीचं मॉडेल पाठवलं होतंस, ते मी आपल्या गावातल्या सुतारबुवांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी मोबाईल डोळ्यांशी धरला, चाक दोन बोटांनी मोठं केलं आणि म्हणाले, “चाक झ्याक हाय बाप्पा, पन आखाच्या टोकाले खीळच नाही. दहा पावलं गेलं का निंघून पडन ना थे!” तुझ्या कुणाही मित्राला हे दिसलं नव्हतं, मलाही नाही. मग त्यांनी धावेकडे बोट दाखवलं. तू लोखंडी धाव आणि लाकडी पाटे यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवली आहेस, दोन वस्तू वेगळ्या दिसाव्यात म्हणून. तिथं फट असूच शकत नाही. धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात, विस्तवात लाल तापवून फुगवतात, तशीच चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. थंड होताना ती आवळते आणि पाटे, आरे, तुंबा असं सगळं चाक एकमेकांत दाबून धरते. लाकडाची बाहेरची कड तेव्हा थोडी जळते. ती काळी किनार तुझ्या चाकावर आली, तर ते चाक लोहाराच्या हाताखालून गेलेलं दिसेल.

हे लांबण लावून लिहिलं, कारण यातूनच तोफेकडे जाता येतं. जुन्या काळी कित्येक लोखंडी तोफा अशाच बनत. लांब लोखंडी पट्ट्या नळीसारख्या उभ्या जुळवायच्या आणि त्यांवर तापलेली कडी एकाशेजारी एक चढवायची. कडी निवताना पट्ट्यांना आवळून धरायची. बंडीची धाव चढवणारा लोहार आणि तोफ बांधणारा लोहार एकाच विद्येचे. दुसरी रीत ओतकामाची. विजापूरची मलिक-ए-मैदान 1549 साली मुहम्मद बिन हुसेन रूमी यानं ओतली, ती कुठं, तर नगरला! सुमारे पंचावन्न टनांची, आणि तोंड हिंस्र श्वापदाच्या जबड्यासारखं. तू ज्या गावी रणगाडे पाहायला जाणार, तिथल्याच भट्टीतून ती निघाली.

आणि आपल्या उशाशी नरनाळा किल्ल्यावर नऊगजी तोफ आहे. तू परदेशी रणगाडे केलेस, बंदुका केल्यास, आणि आपल्या तालुक्यातली ही तोफ सोडलीस. येत्या सुट्टीत तिलाच हात घाल. लोक तिला अष्टधातूची म्हणतात. अंगावर कड्यांच्या खुणा आहेत की ओतीव धातूची सलग कातडी आहे, हे मी सांगणार नाही. तू पाहून मला लिही. नावात नऊ गज आहेत, पण गज जुन्या काळी ठिकठिकाणी वेगळा होता, तेव्हा टेपनं मोज. घेर मोजायला सुतळी घे. दर फुटावर सुतळी गुंडाळायची, लांबी लिहायची, तिला 3.14 नं भागलं की तिथला व्यास मिळतो. प्रत्येक व्यासाचं निम्मं माप मागच्या बुडापासून तोंडापर्यंत कागदावर मांडलंस की तोफेची अर्धी बाह्यरेषा तयार होते. ती रेषा तुझ्या ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये आसाभोवती फिरव, लेथवर काम फिरतं तशी. बत्ती देण्याचा कान आणि बाजूचे खुंट मागाहून बसव. प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी दिसली पाहिजे. आणि तिच्यावर चढायचं नाही, खडूनं नाव लिहायचं नाही. किल्ला अभयारण्यात आहे, तेव्हा शहानूरला वनखात्याच्या नाक्यावर रीतसर नोंद करूनच वर जाऊ.

तुझ्या आईचा फोन आला होता. ‘पोरगं रात्रंदिवस तोफाबंदुका करत बसतं, चांगलं नाही दिसत,’ म्हणाली. मी तिची समजूत घातली, पण तिच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते तू ऐकावंस. शस्त्राचं मॉडेल करणाऱ्याला त्या शस्त्रानं काय केलं तेही माहीत हवं. आपल्या शेजारच्या आडगावच्या रानात 29 नोव्हेंबर 1803 रोजी भोसले-शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. समोर आर्थर वेलस्ली होता, तोच पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. आपल्या तोफांनी तोंड उघडताच त्याच्या तीन पलटणी पळाल्या होत्या. त्यानं त्या पुन्हा उभ्या केल्या आणि संध्याकाळपर्यंत आपल्या 38 तोफा त्याच्या हाती गेल्या. पंधरा-सोळा दिवसांत, 15 डिसेंबरला, गाविलगडही पडला. तिथं इंग्रजांच्या जड तोफा डोंगरातून रस्ता फोडत, माणसांनी ओढून वर नेल्या होत्या. त्या तोफांच्या चाकांनाही धावा होत्या, आणि आडगावच्या शिवारात मेलेल्यांत दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती. हे ठाऊक असलं की तुझ्या तोफेला नुसती चमक राहणार नाही.

राहिली गोष्ट साधनांची. तू महागडा संगणक मागतो आहेस. सध्याचा पुरे. ब्लेंडर ज्याच्यामुळे फुकट वापरतोस, त्याचाही इतिहास जाणून घे: मूळ कंपनी बुडाली, तेव्हा जगभरच्या लोकांनी वर्गणी करून एक लाख युरो जमवले आणि 2002 च्या ऑक्टोबरात ते सर्वांसाठी मोकळं झालं. अनोळखी माणसांनी पैसे घातले म्हणून आज अकोटचं पोरगं त्यावर बंडी करतं. तू शिकलेलं तुझ्या धाकट्या भावंडांना शिकवशील, तर ते ऋण थोडं फिटेल.

आणखी एक काम मनात आहे. आपली अकोट-खंडवा मीटरगेज रेल्वे 2017 साली बंद झाली. धुळघाटाजवळ स्वतःवरूनच वळसा घेऊन चढणारी ती लाईन तू लहानपणी पाहिली आहेस. डबे गेले, इंजिनं गेली. मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतला रेल्वेचंही तेच. गावातल्या जुन्या रेल्वेवाल्यांपाशी फोटो आहेत, काहींना डब्याच्या दाराची कडी कुठल्या बाजूला होती इथपर्यंत आठवतं. मी त्यांना विचारून ठेवतो. तू एखादा डबा करायला घेतलास, तर ते बसून दोष काढतील आणि तुला तेच हवं आहे.

दिवाळीला अकोल्याहून अकोटच्या गाडीनं ये. पंधरा मीटरचा टेप मी आणून ठेवला आहे, सुतळी घरात आहे. तू फक्त फूटपट्टी आण आणि मोबाईल रिकामा करून ये, फोटो पुष्कळ काढायचे आहेत. येण्याआधी बंडीच्या आखाला खीळ घाल. सुतारबुवा रोज विचारतात.

तुझा,
मामा