राहणाऱ्यांचा कर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या मोहोपाड्यात एक शेड अंधारात असते. बाजारपेठेत पणत्यांची आणि आकाशकंदिलांची झुंबड उडालेली असते, मुले लवंगी माळांचा धूर करीत असतात, आणि त्या पत्र्याच्या शेडच्या दाराला मात्र गंजके कुलूप. एके काळी आमच्या आळीतले सर्वांत थाटाचे पूजन तेथेच होई. यंत्रांना झेंडूचे हार, नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक, नऊ कामगारांना मिठाईचे पुडे आणि आम्हा शेजाऱ्यांना बशीभर फराळ. मालकांना सारे शेठ म्हणत. वास्तविक ते आमच्यासारखेच मध्यमवर्गी मराठी गृहस्थ. औषधांच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणे ते बनवीत. १९९८ च्या दिवाळीनंतर त्यांनी यंत्रे उचलली आणि थेट सिल्वासाला नेली. कारण विचारले तर एकच शब्द सांगत : विक्रीकर.

दादरा-नगर-हवेली हा तेव्हा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश होता. नव्या कारखान्यांना तेथे विक्रीकर माफ होता, आयकरातही काही वर्षे सूट होती. मुंबई-ठाण्याकडची कितीतरी लहान-मोठी यंत्रे त्या काळात सिल्वासा आणि दमणच्या वाटेला लागली होती. तरी मला राग आला. यंत्रे ट्रकात चढत असतानाच मी शेठना म्हणालो, "एवढी वर्षे या गावाचे पाणी प्यालात, आता चार पैसे वाचतात म्हणून निघालात?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "भाऊसाहेब, चार पैसे कोठले? झाकणामागे माझा नफा दोन पैसे. सिल्वासावाल्याचे झाकण तेवढ्यानेच स्वस्त पडते. मी येथे राहिलो तर दोन वर्षांत यंत्रे भंगारात जातील आणि माणसे तशीही घरीच बसतील. आणि, रागावू नका, पण तुम्ही तरी मूळचे कोठले?"

मी गप्प बसलो. मी माण तालुक्यातला. १९७४ साली पोटामागे येथे आलो, एका कारखान्याच्या हिशेबखात्यात चिकटलो आणि या गावाचा झालो. मी ज्यांच्या आधाराने आलो ते कारखाने तरी येथलेच कोठे होते? खोपोलीच्या वीजघरातून सुटलेले पाणी पाताळगंगेला बारमाही वाहते ठेवते, मुंबई जवळ, जमीन स्वस्त. म्हणून ते आले. १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी आली आणि शेजारच्या वस्तीला रसायनी हे नावच कायमचे चिकटले. पुढे पाताळगंगेची औद्योगिक वसाहत झाली. मुंबई-ठाणे-पुण्याच्या बाहेर जाणाऱ्या उद्योगांना विक्रीकरात सवलत देणारी योजना महाराष्ट्र सरकारने १९६४ सालीच काढली होती. म्हणजे दुसऱ्याचा कारखाना सवलतीचे गाजर दाखवून हलवावा ही युक्ती काही सिल्वासाने शोधून काढली नव्हती. मुंबईचा कामगार जेव्हा आपली गिरणी किंवा वर्कशॉप बाहेर गेलेले पाहत होता तेव्हा आम्ही इकडे पेढे वाटत होतो. त्याचे पेढे वेगळे आणि आमचे अश्रू वेगळे, असे कसे म्हणता येईल?

आता ओघानेच आले म्हणून माझे स्वतःचे एक पापही कबूल करून टाकतो. मुंबईत त्या वेळी जकात होती. भाचीच्या लग्नात द्यायचे लोखंडी कपाट येथे स्वस्त मिळाले. टेंपोवाला अनुभवी. त्याने सुचवले, "काका, आत जुनी लुगडी, दोनचार डबे कोंबा. नाक्यावर घरसामान म्हणून सांगू." मी हिशेबखात्यातला मनुष्य; दुसऱ्यांच्या बिलांवर कराचे आकडे तपासण्यात हयात घालवलेली. पण बायकोची जुनी लुगडी मी स्वतःच्या हाताने त्या कपाटात कोंबली. नाका सुटल्यावर टेंपोवाल्याने बिडी पेटवली, आणि मला लढाई जिंकल्यासारखे वाटले. वाचलेली रक्कम आज आठवतही नाही. पुढे जीएसटीबरोबर, १ जुलै २०१७ पासून, ती जकात गेली. नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा गेल्या. माझी लुगडी मात्र मला अजून अधूनमधून आठवतात, विशेषतः मी कोणाला कराविषयी उपदेश करू लागलो की.

कर नको म्हणून निघून जाणे हे आपल्याकडे नवे नाही. जुन्या मराठी कागदांत 'परागंदा' हा शब्द जागोजाग भेटतो. सारा झेपेना, वरून दुष्काळ किंवा फौजेची धामधूम, की रयत रातोरात गाव सोडी. मग सरकार कौल देई : परत या, पडीक जमीन नांगराखाली आणा, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग वर्षावर्षाने चढता. यालाच इस्तावा म्हणत. आजच्या भाषेत करसवलतच ती. शिवाजी महाराजांचे १६७१ सालचे, कुडाळच्या सरसुभेदारांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि आपली मिठाची बंदरे बुडतात, तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. जकातीच्या चार पैशांनी गलबताचे तोंड फिरते हे सिल्वासाच्या सवा तीनशे वर्षे आधी येथे ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही व्यापाऱ्यांना सांभाळावे, परमुलखातून आणून वसवावे, असा उपदेश आहेच.

पण मला सर्वांत जास्त खुपते ती इंदापूरची गोष्ट. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने पुणे जिल्ह्याची जमीन मोजून सारा ठरवायचे काम प्रिंगल नावाच्या साहेबाकडे दिले. १८३० च्या सुमाराची ही हकीकत. साहेब विद्वान. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याने अभ्यासला होता. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्यातला शेकडा ५५ हिस्सा सरकारने घ्यावा, असे त्याचे शास्त्र. कागदावर सुरेख, पण निव्वळ उत्पन्नाचे आकडे चुकलेले, मोजणीत खालच्या नोकरांची लाचलुचपत, आणि त्यात पिके बुडालेली. वसुलीसाठी छळ झाला. माणसे घरेदारे टाकून हद्दीपलीकडे, निजामाच्या आणि संस्थानांच्या मुलखात निघून गेली. जमिनी ओस पडल्या. अखेर १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात फिरून मोजणीला हात घातला. प्रिंगलचे दर पुष्कळ खाली आणले आणि नवा दर ३० वर्षे बदलणार नाही असे वचन दिले. लोक परतले, लागवड वाढली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. ३० वर्षे संपताच, १८६७ साली, इंदापूरचा सारा पुन्हा बराच चढवला गेला, आणि १८७५ साली पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध दंगे उठले, तेव्हा या चढत्या साऱ्याचीही चर्चा झाली.

इंदापूरचा तो कुणबी आणि आमचे शेठ, दोघेही करामुळेच निघाले. दोघांना एकच न्याय लावावा काय? मला वाटते, नाही. कुणब्याजवळ राहायला मार्गच उरला नव्हता. तो गेला तो सर्वस्व टाकून गेला. शेठ आपले सर्वस्व ट्रकात घालून घेऊन गेले. कोणी म्हणेल, दोन पैशांच्या नफ्यावर जगणाऱ्यालाही मार्ग कोठे होता? खरे आहे, आणि म्हणूनच शेठना मी आता पूर्वीइतका दोष देत नाही. दोष द्यायचाच तर त्या सवलतींच्या शर्यतीला. जुना कौल पडीक रानात नांगर आणण्यासाठी होता. नवा कौल शेजाऱ्याचा चालता नांगर आपल्या बांधावर ओढण्यासाठी निघाला. देशाच्या पिकात त्याने किती भर घातली ते शोधावेच लागेल.

आणि शर्यत कोठे थांबणार? राज्यांनाही अखेर हे जाणवले. विक्रीकराची स्पर्धा आवरायची, किमान दर सर्वांनी पाळायचे, असे ठरून १ जानेवारी २००० पासून त्याची सुरुवात झाली. पण २००३ साली केंद्रानेच हिमाचल आणि उत्तरांचल या राज्यांतल्या नव्या कारखान्यांना १० वर्षे अबकारी माफ केली. औषधांचे कारखाने बद्दीकडे धावले. शेठची झाकणे ज्या बाटल्यांवर बसत त्या बाटल्याच निघून गेल्या, तेव्हा त्यांनाही मागोमाग एक यंत्र तिकडे न्यावे लागले. एकदा फोनवर म्हणाले, "भाऊसाहेब, येथे थंडीत प्लास्टिकआधी माझी हाडेच गोठतात."

सगळेच उद्योग करापायी जातात असे मात्र कोणी समजू नये. आमच्या डोळ्यांसमोरची हिंदुस्तान ऑर्गॅनिक कोठे पळून गेली नाही. ती सरकारचीच होती. १९९१ नंतर आयातकर उतरत गेले, परदेशी रसायने स्वस्तात येऊ लागली, तोटा वाढत गेला, आणि २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा विभाग बंद करण्याचे ठरवले. एक कर चढा असला म्हणून शेठ गेले. दुसरा कर उतरला त्याचाही घाव या कारखान्यावर बसला. तोच उतरता आयातकर गिऱ्हाइकाला वस्तू स्वस्त देत होता, हेही सोडून चालणार नाही. इतके गुंतागुंतीचे हे प्रकरण असताना, कर कमी केला की भरभराट, असे मंत्रासारखे म्हणणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

असाही एक कर आहे की ज्याच्यापायी कोणी मुंबई सोडल्याचे मी ऐकले नाही. पगारपत्रकावर व्यवसायकर म्हणून एक रक्कम कापली जाते. १९७५ साली महाराष्ट्राने तो बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. कल्पना वि. स. पागे यांची : खेड्यात जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचे, आणि त्याचा खर्च शहरातल्या नोकरदाराने, व्यावसायिकाने उचलायचा. आमच्या खात्यातले लोक त्या कपातीवर कुरकुरत. मी कुरकुरलो नाही. १९७२ च्या दुष्काळात माझा थोरला भाऊ माणात खडी फोडत होता. त्याच्या तळहातावरचे फोड मी पाहिले होते, त्यामुळे माझे रुपये कोठे जातात ते मला कोणी सांगावे लागले नाही. पुढे त्या निधीतला पैसा खर्चाविना पडून राहतो अशा तक्रारी झाल्या, आणि तेव्हा मात्र मीही कुरकुरलो.

शेठच्या नऊ कामगारांपैकी तिघे सिल्वासाला गेले. त्यातले दोघे वर्षाच्या आत परतले. राहिलेल्यांतला एक अजून आमच्या आळीच्या तोंडाशी भेटतो. एकरभर भातशेती, म्हातारी आई, दोन मुली. तू का गेला नाहीस म्हणून मी त्याला तेव्हा विचारले होते. तो म्हणाला, "काका, यंत्र ट्रकात बसतं. शेत कुठं बसतं?" विक्रीकर शेठना सुटला, याला मात्र साबणासारख्या रोजच्या वस्तूंवर तो भरावाच लागत होता, आणि कोणत्याही सरकारने त्याला आमच्याकडे ये म्हणून कौल पाठवला नाही. जाणाऱ्याला सूट द्यायची आणि जी उणीव पडेल ती राहणाऱ्याकडून भरून घ्यायची, हे मला आजही अन्यायाचे वाटते. त्यावर उपाय काय, असे विचाराल तर इंदापूरच्या त्या दोन साहेबांसारखे गावोगाव फिरून पाहावे, एवढेच मला सुचते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी शेठ आले होते. केस पिकले आहेत, बद्दीचे यंत्र विकून टाकले, सिल्वासाचा कारभार मुलगा पाहतो. शेडचे कुलूप उघडायला अर्धा तास लागला. आत वटवाघळे. मी म्हणालो, "विकून का टाकत नाही? दरसाल ग्रामपंचायतीची घरपट्टी उगाच भरता." ते काही बोलले नाहीत. भिंतीवर एका फडताळात जुनी चोपडी होती, १९९८ ची, वाळवीने कडा खाल्लेली. स्वस्तिक तेवढे शाबूत होते. त्यांनी खिशातून त्या वर्षीच्या घरपट्टीची पावती काढली, चोपडीत ठेवली आणि मला विचारले, आळीतला तो एकरवाला कोठे भेटेल, त्याच्या मुलीचे लग्न ठरले असे ऐकतो.

"चला," मी म्हणालो, "दळणाला निघाला असेल या वेळी." आणि आम्ही दोघे गिरणीच्या दिशेने निघालो.