सहावी सूना

॥ श्री गणेशाय नमः ॥



गणेशोत्सव झाला की लगेच पितृपंधरवडा येतो, आणि दरवर्षी मंदिरात एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "काका, इथे काकबळी ठेवायचा कुणाला?" फिलाडेल्फियाच्या परिसरात कावळे नाहीत असे नाही, पण डेकवर ठेवलेले पान कावळ्याच्या आधी खार पळवून नेते. मग घरातली लहान मुले विचारतात की आजीच्या गोष्टीतल्या खारीच्या पाठीवर रामाची बोटे उमटली होती, मग या करड्या खारीच्या पाठीवर एकही पट्टा का नाही? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलांच्या मनात खरी शंका असते ती अशी, की इथली खार आपल्या गोष्टीतली आहे की नाही? आपला नाग, आपला मोर, बैलपोळ्याचा बैल, बाप्पाचा उंदीर, हे सगळे तिकडचे. इथल्या रानातल्या जिवांशी आपल्या धर्माचे काही नाते आहे का?

मंडळी, नाते आहे, आणि ते गोष्टींपेक्षाही जुने आहे. गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत: ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ. यातला भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रांसाठी काढून ठेवलेला वाटा. गोग्रास, काकबळी, जेवणाआधी ताटाभोवती घातलेल्या चित्राहुती, ही सगळी त्याचीच घरगुती रूपे. मनुस्मृतीत हा वाटा कुणासाठी ते सांगताना कुत्री, पक्षी आणि चक्क कृमिकीटकही मोजलेले आहेत. प्राणी कोणत्या देशातला असावा, तो पुराणात आलेला असावा की नाही, अशी अट कुठेही घातलेली नाही. तुम्ही जिथे चूल मांडली, तिथले प्राणी तुमचे देणेकरी नव्हेत, तुम्ही त्यांचे देणेकरी.

देणेकरी कसे? इथे शास्त्रकारांची नजर किती बारीक होती ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी म्हटले, गृहस्थाच्या घरात पाच 'सूना' असतात. सूना म्हणजे जिथे जीव मारले जातात ती जागा. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. या पाचही ठिकाणी आपल्या नकळत मुंग्या, किडे, सूक्ष्म जीव मरतात. कुणाच्या मनात हिंसा नसते. घरातली बाई झाडू मारते ती मुंगी मारायला नव्हे. तरीही शास्त्र म्हणते की जीव गेला ना? मग ते ऋण आहे, आणि ते फेडायला रोजचे पाच यज्ञ आहेत. "मला ठाऊक नव्हते" ही सबब तिथे चालत नाही, पण म्हणून कुणाला पापी ठरवून मोकळेही केलेले नाही. फक्त रोजचे एक काम लावून दिले आहे.

आता आपल्या इथल्या घरांत पाटा-वरवंटा नाही, उखळ नाही. केरसुणीची जागा व्हॅक्यूम क्लीनरने घेतली. पण एक नवी सूना आपण प्रत्येकाने दारात उभी केली आहे, बहुतेकांनी दोन-दोन. गाडी. शास्त्रकारांना ती माहीत असती तर त्यांनी सहावी म्हणून तिचे नाव घातले असते, असे मला निश्चित वाटते. पावसाळी रात्री मंदिरातून परतताना चाकाखाली काय काय जाते ते आपल्याला काचेआडून दिसतही नाही.

या सहाव्या सूनेचे प्रायश्चित्त काय? ते आपल्या अगदी जवळ, रॉक्सबरो भागात, काही माणसे अनेक वर्षे करीत आली आहेत. त्यांनी मनुस्मृती वाचली असेल असे नाही.

फिलाडेल्फिया शहराच्या हद्दीतच स्कूलकिल सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन ही संस्था आहे. १९६५ साली ती सुरू झाली. सुमारे ३४० एकरांची जागा, पुष्कळशी एके काळची शेतजमीन, आता तिथे दाट झाडी, ओढे, तळी आणि पायवाटा आहेत. शाळेतली मुले येतात, आजी-आजोबा फिरायला येतात. या रानात इथे ज्याला टोड म्हणतात तो खडबडीत कातडीचा बेडूक राहतो. त्याला हात लावला की चामखीळ येते ही समजूत आपल्याकडे आहे, तशी इथल्या लोकांतही आहे, आणि ती दोन्हीकडे खोटीच आहे. थंडीत हा बेडूक मागच्या पायांनी माती उकरत उलटा जमिनीत शिरतो आणि गोठणाऱ्या थराच्या खाली जाऊन बसतो. मार्च-एप्रिलमध्ये हवा जरा उबदार झाली, रात्री पाऊस पडला, की तो वर येतो आणि अंडी घालण्यासाठी पाण्याकडे निघतो. पाणी कुठे? रस्त्यापलीकडे, रॉक्सबरोच्या जुन्या, आता वापरात नसलेल्या जलाशयात. मध्ये पोर्ट रॉयल अव्हेन्यू आहे.

हा प्राणी हरणासारखा उड्या मारून पळत नाही. चार पावले चालतो, थांबतो. गाडीचे दिवे अंगावर आले की बहुधा आहे तिथेच बसून राहतो. मादीच्या पोटात ४,००० ते ८,००० अंडी असतात, आणि अंडी घालण्याइतके मोठे होण्यासाठी तिने दोन-तीन हिवाळे जमिनीखाली काढलेले असतात. रस्त्याच्या मधोमध ती चिरडली गेली तर एक बेडूक गेला असे म्हणता येत नाही.

२००९ साली तिथल्या एका रहिवासी बाईंनी हे पाहून शेजाऱ्यांना गोळा केले आणि शहराची परवानगी काढून त्या रात्रींपुरता रस्ता बंद करायला सुरुवात केली. पुढे हे काम स्कूलकिल सेंटरने आपल्याकडे घेतले. वसंतातल्या ओल्या संध्याकाळी स्वयंसेवक रेनकोट घालून, हातात बॅटरी घेऊन उभे राहतात, आडकाठी लावतात आणि गाडीवाल्यांना दुसऱ्या रस्त्याने जायची विनंती करतात. किती बेडूक पलीकडे गेले ते मोजून लिहून ठेवतात. बस, इतकेच.

आपला गणपती विघ्नहर्ता आहे हे आपण रोज म्हणतो. पण तो विघ्नेश्वरही आहे, विघ्नांचा स्वामी. कुणाच्या वाटेत विघ्न ठेवायचे आणि कुणाच्या वाटेतले काढायचे, हे दोन्ही त्याच्या हाती. ती आडकाठी पाहिली की मला हे नाव आठवते. गाडीवाल्याला पाच मिनिटांचे विघ्न, आणि बेडकाच्या वाटेतले आयुष्यभराचे विघ्न दूर.

आणि बेडूक आपल्या गोष्टीत नाही असे कुणी समजू नये! ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठांचे एक अख्खे सूक्त, १०३ वे, बेडकांवर आहे. मंडूकसूक्त. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे मौन धरून बसलेले बेडूक पाऊस येताच बोलू लागतात. एकाचा आवाज दुसरा उचलतो, जसा शिष्य गुरूमागून पाठ म्हणतो. एक गाईसारखा हंबरतो, एक बोकडासारखा. एक हिरवा, एक ठिपक्यांचा. काही पाश्चात्त्य पंडितांना यात ब्राह्मणांची थट्टा दिसली. मला ते पटत नाही. ज्या ऋषीने इतके कान देऊन ऐकले, त्याला बेडूक आवडत होते, एवढे मला पुरे. आपण मात्र 'कूपमंडूक' हा शब्द शिवीसारखा वापरतो. गॅरेजमधून मंदिराच्या पार्किंग लॉटमध्ये आणि तिथून परत गॅरेजमध्ये जाणाऱ्यांनी तो शब्द जरा जपून वापरावा.

एप्रिलमधल्या रात्री त्या जलाशयाकडून नराची साद ऐकू येते. डराव डराव नव्हे. लांबच लांब, गोड, थरथरता एकच सूर, अर्धा मिनिटसुद्धा टिकणारा. एक थांबतो तोवर दुसरा वेगळ्या पट्टीत सुरू करतो. भजनात टाळ लागतात तेव्हा मन जसे आपोआप थांबते तसे तिथे होते. कर्तव्य म्हणून जाऊ नका, आधी हे ऐकायला जा.

एकदा प्रवचनानंतर एका गृहस्थांनी विचारले, "काका, माणसे उपाशी आहेत, आणि तुम्ही बेडकांचे काय सांगता?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर पाच यज्ञांच्या यादीतच आहे. मनुष्ययज्ञ वेगळा सांगितला आणि भूतयज्ञ वेगळा. एक केला म्हणून दुसरा माफ होत नाही, उलट्या दिशेनेही नाही. फूड पँट्रीसाठी डबे आणणारे हात पावसात बॅटरी धरू शकत नाहीत असे मी तरी कधी पाहिले नाही. नामदेवांनी कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली ती आलेला अतिथी सोडून नव्हे.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. भूतयज्ञ म्हणजे दिसेल त्या प्राण्याला खाऊ घालणे, असा अर्थ आपण काढून बसलो आहोत. तळ्यावरच्या बदकांना ब्रेड आणि उरलेल्या पोळ्या घालणे त्यांच्या प्रकृतीला वाईट आहे. कूर्मावतार म्हणून पाळलेले लाल कानपट्टीचे कासव मोठे झाले की ओढ्यात सोडून देणाऱ्यांना वाटते आपण त्याला मुक्ती दिली. ते कासव इथले नाही. पेनसिल्व्हेनियातले मूळचे लाल पोटाचे कासव आधीच धोक्यात आहे, आणि हे सोडलेले पाहुणे त्याचे अन्न आणि उन्हात बसायची जागा बळकावतात. गवतात एकटे बसलेले हरणाचे पाडस अनाथ समजून उचलून आणू नये, त्याची आई तासन्‌तास लांब राहून परत येते. काय करावे हे कळत नसेल तर निसर्गकेंद्रात फोन करून विचारावे. पूजेत विधी माहीत नसला की आपण गुरुजींना विचारतोच.

बेडकाला हात लावायचाच झाला तर हातावर क्रीम, सॅनिटायझर, कीटकनाशक काही नको, हात स्वच्छ आणि ओले हवेत. त्याची कातडी पाणी शोषते, आणि पाण्यासोबत आपल्या हातावरचे सगळे काही. हेही एक सोवळेच म्हणा.

आज आपण इथे आरती म्हणत असताना ते बेडूक त्या रानात किडे आणि गोगलगाई खाऊन हिवाळ्याची तयारी करीत आहेत. स्वयंसेवकांची जमवाजमव वसंताच्या आधी सुरू होते, म्हणून मंदिरातर्फे जाऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे प्रसादाच्या टेबलाजवळच्या वहीत लिहावीत. मार्चमधली फेरी जमली नाही तर मे अखेर ते जूनमध्ये दुसरी संधी असते. तेव्हा नखाएवढी पिल्ले पाण्यातून निघून उलट रानाकडे येतात, इतकी लहान की पाऊल टाकताना खाली पाहावे लागते. फिकट किंवा चमकत्या पट्ट्यांचा रेनकोट आणि बंद बूट घालावेत. लहान मुलांना आणणार असाल तर बॅटरी प्रत्येकाला वेगळी द्या, एकीवरून फार भांडणे होतात.

गणपती बाप्पा मोरया!