टोलनाका उठल्यावर

पुणे-सोलापूर रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांना कवडीपाट आणि कासुर्डी ही नावं टोलनाक्यांची म्हणूनच पाठ होती. या दोन नाक्यांमधलं अंतर जेमतेम २६ किलोमीटर. २०१९ च्या मार्चमध्ये कंत्राटाची मुदत संपली, नाके बंद झाले आणि गाडीवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. टाकायलाच हवा होता. पण नाक्याच्या खिडकीतून दिवसभर एक हात बाहेर यायचा. तोंडाला रुमाल, समोर डिझेलचा धूर, पुढ्यात पावत्यांचा गठ्ठा आणि सुट्ट्या पैशांवरून खायच्या शिव्या. टोल आपल्याला नको होता, पण त्या हाताचा पगार तिथूनच निघत होता. नाका बंद झाला तेव्हा त्या घरात काय शिजलं असेल, हा विचार आपल्यापैकी किती जणांच्या मनात आला?

सरकारच्या मनात मात्र तो थोडाफार आला होता. ज्याला आपण नुसतं ‘ईएसआय कापतात’ म्हणतो, त्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या मजुरीचा चौथा हिस्सा, तोही जास्तीत जास्त ९० दिवस. महिना १५ हजार मिळवणाऱ्याला दिवसाला सव्वाशे रुपये. शिवाय तीन महिने बेकार राहून दाखवल्यावर हक्क सुरू होणार आणि अर्ज जायचा तो जुन्या मालकामार्फत. ज्याने कामावरून काढलं, त्याच्याच दारात कागद घेऊन उभं राहायचं!

दोनच वर्षांत करोना आला आणि महामंडळालाही घाई झाली. २४ मार्च २०२० पासून भत्ता चौथ्या हिश्श्यावरून निम्म्यावर गेला. तीन महिन्यांची वाट एका महिन्यावर आली. अर्ज थेट शाखा कार्यालयात देता येऊ लागला. सव्वाशेचे अडीचशे झाले, नव्वद दिवसांचे साडेबावीस हजार. ही सवलत आधी त्या डिसेंबरपर्यंतच होती, मग मुदतवाढी मिळत गेल्या. म्हणजे कामगाराच्या गरजेला आपण अजून ‘तात्पुरती’ समजतो. हा पैसा काही खैरात नाही. पगाराचा पाऊण टक्का कामगार भरतो, सव्वातीन टक्के मालक भरतो, त्या निधीतूनच तो येतो.

निम्म्या पगारात घर चालत नाही हे खरं. पण किराणा आणि शाळेची फी निघाली तर माणूस पहिल्याच हाकेला धावत नाही, आणि भत्त्याचं खरं मोल मला त्यातच वाटतं. कुरकुंभच्या किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत ज्याचा गेटपास परवा बंद झाला, त्याला दुसऱ्या ठेकेदाराचा फोन यायला वेळ लागत नाही. तो दोन हजार कमी सांगतो. आठ तासांऐवजी बारा तास सांगतो. खिशात काही नसलं की मान डोलावावी लागते, महिनाभराची सोय असली की माणूस म्हणू शकतो, “बघून सांगतो.” एवढं म्हणता आलं तरी मजुरीचा भाव घसरायचा थांबतो. म्हणून टक्का वाढावाच, आणि नव्वद दिवसही वाढावेत.

पण टक्का कितीही वाढवला तरी तो पोहोचतो कोणाला? विमा असलेल्या नोकरीत आधी दोन वर्षं हवीत, वर्गणीच्या सहामाहीत ७८ दिवस भरलेले हवेत. ठेकेदारीत ‘ब्रेक’ देऊन पुन्हा घेण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या ब्रेकमध्ये दिवस तुटतात, आणि ज्याची नोकरी सगळ्यांत कच्ची तोच हिशोबाबाहेर राहतो.

आणि गुऱ्हाळावर राबणारे? दौंड तालुक्यात उसाच्या फडाजवळ गुऱ्हाळं असतातच. पहाटे काहिलीवर वाफ चढते, चुलवाणाला चिपाडाचा जाळ घालणारा घामाने निथळत असतो, गुळव्या उलथण्यावर पाक घेऊन बोटाने पारखतो. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्या यादीत साखरेबरोबर गुळाचं नाव स्पष्ट लिहिलं. म्हणजे ज्याचं काम दरवर्षी हमखास थांबतं, त्यालाच बेकारीचा विमा नाही. विम्याच्या गणिताला हे सोयीचं असेल, न्यायाला नाही.

आपल्या राज्याने याहून मोठा विचार करून पाहिला होता. बहात्तरच्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागूनही काम दिलं नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा, असं त्यात लिहिलं. रक्कम किमान एक रुपया रोज! हसू येईल अशी, पण काम नसणं हा त्या माणसाचा दोष नाही, हे कागदावर आलं. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला आणि मुंबईच्या कारकुनाचे पैसे माळरानावरच्या खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत पोहोचले.

भत्ता वाढवायचा म्हटलं की एक आक्षेप ठरलेला: लोक आळशी होतील. आळशीपणाचा हा आरोप मला तरी पटत नाही, आणि उत्तर शोधायला लांब जायची गरजही नाही. सहकारी साखर कारखान्यांत हंगामी कायम कामगाराला गाळप बंद असतानाच्या महिन्यांत रिटेन्शन अलाउन्स देण्याची पद्धत जुनी आहे. पट्टा पडला की माणूस घरी, पगाराचा काही हिस्सा चालू. का? तर बॉयलर पेटवायच्या दिवशी तोच जाणता हात परत हवा असतो म्हणून. त्या कामगाराला आजवर कोणी ऐतखाऊ म्हटल्याचं माझ्या कानावर नाही, आणि मोळी टाकायच्या दिवशी तो हजर असतो.