नवशिक्याला शैली असते का?

फ्लाय रॉड विकत घेण्याबद्दल कुठंही वाचायला घ्या, एक सल्ला हमखास भेटतो: तुमच्या फेकीच्या शैलीला साजेशी काठी निवडा. हात वेगवान असेल तर ताठ काठी घ्या, संथ असेल तर लवचिक घ्या. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ज्यानं आयुष्यात एकदाही लाईन फेकलेली नाही, त्यानं आपली शैली आणायची कुठून?

प्रश्न फक्त काठीचा असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. मी नांदेडचा. इथं आणि लातुरात दहावीचा निकाल लागला की घरोघरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हेच विचारलं जातं, फक्त शब्द वेगळे असतात. तुला काय झेपतं? पीसीएम की पीसीबी? जे अजून घडलेलंच नाही, त्याला साजेसं काहीतरी निवडायला आपण सांगत असतो. काठीच्या बाबतीत हा गुंता जास्त स्वच्छ दिसतो, म्हणून आधी काठी समजून घेऊ.

गोदावरीच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. बांबूची किंवा फायबरची काठी, नायलॉनची तार, शिशाची गोळी, गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा. इथं आपण फेकतो ते शिसं. ते पुढं जातं आणि तार त्याच्यामागं ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटं आहे. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून त्याला किड्याचं रूप दिलेलं असतं. त्याला वजन जवळपास नसतंच. वजन असतं ते लाईनला. म्हणून फेकायची असते लाईन, आणि तो नकली किडा तिच्यामागं जातो.

हे वजनही केवढं? लाईनींना नंबर असतात. ५ नंबरच्या लाईनीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ८ नंबरचे २१० ग्रेन. एवढंसं वजन आधी मागं उडवायचं, ते हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढं आणायचं. मागं सरळ झालेली लाईन काठीला वाकवते आणि वाकलेली काठी सुटताना लाईनला पुढं पाठवते. थांबणं कमी पडलं तर काठी वाकतच नाही आणि लाईन पायाशी ढीग होऊन पडते. जास्त थांबलात तर ती मागं गवतात लोळते.

आता काठ्यांचे स्वभाव. ताठ, म्हणजे फास्ट काठी फक्त टोकाकडं वाकते. मध्यम काठी अर्ध्यापर्यंत वाकते. संथ काठी पार मुठीपर्यंत वाकते. १९७३ मध्ये अमेरिकेत कार्बनच्या काठ्या बाजारात आल्या. त्याआधी बांबू आणि नंतर फायबरग्लास होता. कार्बन हलका आणि कडक, त्यामुळं ताठ काठ्या करणं सोपं झालं आणि लांब फेकीची चढाओढ सुरू झाली. दुकानात काठी हातात घेऊन नुसती हलवली की ताठ काठी जास्त जिवंत वाटते. पण तेव्हा तिच्यावर लाईनचं वजन नसतं, त्यामुळं त्या हलवण्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

जाणकाराच्या हातात ताठ काठी उत्तम चालते. नवशिक्याशी मात्र ती बोलत नाही. लाईन मागं कधी भरली, काठी कधी वाकली, हे मनगटाला जाणवायच्या आत क्षण निघून जातो. मध्यम काठी सावकाश वाकते आणि ते वाकणं हाताला कळतं. फेक चुकली तरी कुठं चुकली ते समजतं.

मूळ सल्ल्यातली गोम इथंच आहे. नवशिका जवळजवळ नेहमीच घाई करतो. मागं काय चाललंय ते त्याला दिसत नाही, म्हणून तो थांबायला घाबरतो. त्या घाईला ‘वेगवान शैली’ म्हणायचं आणि तिला साजेशी ताठ काठी त्याच्या हातात द्यायची, म्हणजे त्याची भीती त्याचा स्वभाव म्हणून नोंदवून टाकायची. सहा महिन्यांनी घाई खरोखरच त्याची शैली झालेली असते.

अ‍ॅरिस्टॉटलनं नीतीबद्दल बोलताना वाद्याचं उदाहरण दिलं आहे. वाजवून वाजवूनच माणूस चांगला वादक होतो, आणि वाजवून वाजवूनच वाईट वादकही होतो. शैली आपल्या आत तयार बसलेली नसते. हात आणि साधन यांच्यात वारंवार जे घडतं, त्यातून ती साचत जाते. म्हणून सुरुवातीचं साधन निवडताना आपण ‘मी कोण आहे’ याचं उत्तर देत नसतो. ‘मी कोण होणार’ याला हातभार लावत असतो.

मग साजेसं निवडणं हा सगळा भ्रमच का? तसंही नाही. गाणं शिकवणारे गुरू आधी शिष्याचा गळा ऐकतात आणि मग पट्टी ठरवतात. कुणाची काळी एक, कुणाची काळी चार. ही पट्टी शिष्याला साजेशीच हवी, नाहीतर गळा खराब होईल. पण पहिल्याच दिवशी ‘तुझी गायकी कोणती?’ असं कुणी विचारत नाही. विष्णुपुरीच्या जलाशयावर मासेमारी करणाऱ्या घरांतली पोरं जाळं फेकायला शिकताना मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात आधी लहान, हलकं जाळं असतं. पोराची उंची केवढी, खांद्यात जोर किती, एवढंच मोठी माणसं बघतात. फेकण्याची ढब ज्याची त्याला नंतर येते.

शरीर आधीपासून असतं, शैली नंतर येते. साधन शरीराला बसलं पाहिजे. शैलीला बसवायची घाई नको.

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि त्याचं नाव सचिन तेंडुलकर. तो बॅट दांड्याच्या खालच्या भागात धरायचा. लहानपणी थोरल्या भावाची मोठी बॅट घेऊन खेळल्यामुळं ती पकड पडली, असं त्यानंच सांगितलं आहे. म्हणजे शरीराला न बसणाऱ्या साधनातूनही एक महान शैली घडली. मान्य. यातून शैली साधनातून घडते हेच पुन्हा दिसतं. पण ‘मग द्या कुणालाही काहीही’ असा अर्थ त्यातून काढता येत नाही. भावाच्या जड बॅटनं मनगट दुखलं आणि खेळ सोडला, अशा मुलांची आत्मचरित्रं छापली जात नाहीत.

आता लातूर. बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकून नावारूपाला आलेला आणि आज नीट-जेईईभोवती फिरणारा लातूर पॅटर्न म्हणजे माझ्या मते एक फार ताठ काठी आहे. तिनं खूप लांब फेकी केल्या आहेत. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरात डॉक्टर आले ते याच काठीनं, आणि ते विसरून तिला नावं ठेवणं कृतघ्नपणा होईल. पण ही काठी चुकीबद्दल काहीच सांगत नाही. चाचणीतला गुण फक्त लाईन कुठं पडली ते सांगतो. घाई झाली, भीती वाटली, की मुळात समजलंच नव्हतं, ते सांगत नाही. दोन वर्षांनी मूल म्हणतं, ‘मला फिजिक्स जमतच नाही, माझा तो पिंडच नाही.’ तो त्याचा पिंड आहे की त्या काठीनं लावलेली सवय आहे, हे शोधायला कुणाकडंच वेळ नसतो.

माझा भाचा लातुरात अकरावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला आला तेव्हा आम्ही मैदानावर काठी घेऊन गेलो. ज्या लातुराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या मुलानं हा छंद का करावा असं कुणी विचारेल. पण ही फेक शिकायला पाणी लागतच नाही. गळाऐवजी लोकरीचा पुंजका बांधायचा आणि गवतावर फेकायचं. तो सपासप हात मारत होता. लाईन दर वेळी पायाशी.

“मामा, मागं लाईन सरळ झाली का नाही, हे कळायचं कसं?”

“मागं बघ की.”

“बघितलं तर चालतं?”

या प्रश्नानं मी गप्प झालो. मागं वळून बघायलाही परवानगी लागते, असं या मुलाला कुठंतरी शिकवलं गेलं होतं. त्यानं मान वळवली, लाईन उलगडताना पाहिली आणि मग पुढं फेकली. फार लांब गेली नाही, पण सरळ गेली.

तर निवड कशी करायची? काठीबद्दल माझं उत्तर साधं आहे. ९ फुटी, ५ नंबरची, मध्यम स्वभावाची घ्या. चिलापी किंवा लहान रोहूला ती पुरते. पुढं मरळीसारख्या जोरकस माशामागं लागलात तर ७-८ नंबरचा विचार करा. काठी आधीच घेतली असेल आणि ती ताठ निघाली असेल, तर बदलू नका. तिच्यावर एक नंबर जड लाईन चढवा. जड लाईन काठीला लवकर वाकवते आणि तिचं वाकणं हाताला कळायला लागतं.

हा शेवटचा उपाय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दुसरी काठी घेणं प्रत्येकाला परवडत नाही. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरातलं मूल शाखा बदलतं, एक वर्ष थांबतं, पुन्हा सुरू करतं. लातुरात खोली करून राहिलेल्या मुलामागं विकलेली जनावरं आणि उचललेलं कर्ज असतं. ‘तुझ्या आवडीचं निवड’ हे वाक्य दोघांनाही सारखंच ऐकवलं जातं, पण चुकण्याची किंमत सारखी नसते. निवडीचं स्वातंत्र्य द्यायचं आणि चुकण्याची सोय द्यायची नाही, हा मला अन्याय वाटतो. जिथं काठी बदलता येत नाही, तिथं निदान लाईन तरी बदलून द्यावी. तोच अभ्यासक्रम राहू दे, पण वेग थोडा कमी असावा. चाचणीनंतर रँक सांगण्याआधी कुणीतरी शेजारी बसून चूक दाखवावी. मागं वळून बघायला वेळ मिळावा.

म्हणून कुणी नवशिका तुमच्याकडं आला, मग तो काठीबद्दल विचारू दे की अकरावीबद्दल, त्याला ‘तुझी शैली काय?’ असं विचारू नका. ते त्याला माहीत नसणारच, आणि घाबरून तो काहीतरी उत्तर देईल. हात केवढा आहे ते बघा. रोज किती वेळ देता येईल ते विचारा. चुकलं तर पुन्हा फेकायची सोय आहे का ते विचारा, आणि नसेल तर ती करून देण्यात आपला वाटा किती, तेही ठरवा.