दोन कान, एक गच्ची

लोह्यातली एखादी गच्ची. दिवेलागण होऊन गेलीय. भिंतीला पाठ टेकून बसा, डोळे मिटा.

काही ऐकायचं म्हणून बसू नका. नांदेड-लातूर रस्त्यावर ट्रक घरघरतोय, घरघरू द्या. लिंबाची सळसळ, गिरणीचा पट्टा, दोन गल्ल्या पलीकडचं कुत्रं. यातलं काहीच हाकलायचं नाही. आपण याला गोंगाट म्हणून मोकळे होतो, त्याची ओळख मात्र करून घेत नाही.

आता दोन्ही कानांकडे लक्ष न्या. बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त उशिरा पोचतो. माळेगावच्या यात्रेत, घोड्यांच्या खिंकाळण्यात आणि हलगीच्या कडकडाटात, आईची हाक कुठून आली हे लेकराला कळतं त्यात या एवढ्याशा उशिराचाही वाटा असतो.

आवाज कुठून आला हे शोधायला मायक्रोफोनची रांग मांडणारे हाच उशीर मोजतात. पण त्याआधी ते थांबतात. कोणी बोलत नसताना नुसता गोंगाट नोंदवतात, आणि एका मायक्रोफोनचा गोंगाट शेजारच्याशी किती जुळतो ते पाहतात. चहूबाजूंनी येणाऱ्या गोंगाटातला जाड, घुमणारा भाग शेजाऱ्याशी जुळतो; बारीक सळसळ जुळत नाही. सावकाश श्वास सोडा आणि तुमच्या दोन कानांत हे तपासून बघा. घाई नाही.

नांदेडच्या पलीकडे, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे; केंद्राने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांनी अवकाशाची थरथर टिपायची, तर तिथेही आधी जमिनीची स्वतःची थरथर ओळखीची हवी. वारा, रहदारी तर आहेच. शिवाय दूरच्या समुद्राच्या लाटा जमिनीला सतत हलवत असतात, अगदी सोयाबीनच्या रानाखालीसुद्धा. ती हालचाल फार संथ, साधारण तुमच्या एका श्वासाएवढी. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. दोन-तीन श्वास तिच्यासाठी थांबा.

पुन्हा मायक्रोफोनकडे. गोंगाट सारखा बदलतो, म्हणून तो वजा करणाऱ्या यंत्राला जुनं विसरून नवं शिकत राहावं लागतं. तिथेच जपावं लागतं. हळू बोलणारं माणूस शिकण्याच्या वेळी बोललं, तर त्याचा आवाजही गोंगाटात धरला जातो, आणि यंत्र त्यालाच पुसून टाकतं.

पुन्हा ऐका. गिरणी थांबली. जिन्याखालून कुणीतरी तुम्हाला जेवायला बोलावतंय, मघापासून.