हाताची सचोटी

सचोटी ही मनाची वस्तु आहे कीं हाताची, असा प्रश्न कोणी केल्यास बहुतेक वाचक हंसतील. हेतु शुद्ध असला म्हणजे मनुष्य प्रामाणिक ठरतो, हा सर्वांचाच समज आहे, आमचाही होता. एका मायक्रोपिपेटनें तो डळमळीत केला.

कसाऱ्याहून रोज लोकलगाडीनें येणारी एक विद्यार्थिनी आमच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंत हें उपकरण प्रथमच हातीं घेत होती. त्याचा दट्ट्या अंगठ्यानें दाबला असतां दोन ठिकाणीं अडतो. पहिल्या टप्प्यापर्यंत तो दाबावा, टोक द्रवांत दोन-तीन मिलिमीटर बुडवावें आणि अंगठा सावकाश सैल करावा, म्हणजे ठरलेलें माप वर चढतें. दुसरा टप्पा केवळ द्रव सोडतांना, शेवटचा थेंब बाहेर पडावा म्हणून आहे. ती मुलगी मात्र द्रव घेतांनाच दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबीत होती. तिनें तीन वेळां 100 मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा दहावा भाग, पाणी काट्यावर सोडलें. वजनें आलीं 118, 118 आणि 119 मिलिग्रॅम. "सर, तिन्ही वेळां जवळजवळ सारखेंच आलें!" असें ती आनंदानें म्हणाली, आणि आम्हींही शाबासकी देण्यास तोंड उघडलें. तेवढ्या पाण्याचें वजन सुमारें 100 मिलिग्रॅम भरावयास हवें, हें क्षणभर आम्हांसही आठवलें नाहीं.

त्या मुलीनें खोटें असें कांहींच केलें नव्हतें. आकडे तिनें जसेच्या तसे लिहिले होते. तरीही तिचा हात खोटें बोलत होता, आणि तीनदां एकच खोटें बोलल्यामुळें तें खऱ्यासारखें भासत होतें. समाजांतील पुष्कळ रूढींचें असेंच असतें. एकवाक्यता म्हणजे सत्य नव्हे. त्यासाठीं बाहेरचा काटा लागतो. आम्हीं तिला तिच्याच गांवचें उदाहरण दिलें. कसारा घाटाची चढण दर 37 फुटांस 1 फूट आहे. डब्यांतील उतारूस ती फारशी जाणवत नाहीं. पण ती उतारूंस विचारून कोणी ठरविली नाहीं. ती मोजलेली आहे, म्हणूनच इगतपुरीकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांस कसाऱ्यास मागून जादा इंजिनें जोडतात.

डोळ्यांस न दिसणारी चूक लहानच असते, असेंही नाहीं. परळच्या संस्थेस ज्यांचें नांव आहे, त्या हाफकिन यांनीं 1897 सालीं मुंबईंत प्लेगची लस सिद्ध केली. 1902 सालीं तत्कालीन पंजाबांतील मुलकोवाल गांवीं त्या लशीच्या एकाच बाटलीमुळें 19 माणसें धनुर्वातानें दगावलीं आणि ठपका हाफकिन यांजवर आला. 1907 सालीं ते दोषमुक्त झाले. बाटली उघडतांना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करतां वापरला गेला, हें दूषणाचें कारण मानलें गेलें. तो चिमटा धरणाऱ्याच्या मनांत कोणाचें अहित होतें, असें कोण म्हणेल?

मग शुद्ध हेतूची किंमत काय? आमच्या मतें, हात शिकविण्याचे कष्ट हीच ती किंमत. ती न देतां केवळ हेतूकडे बोट दाखविणें म्हणजे आपल्या अज्ञानाचा भार दुसऱ्यावर टाकणें होय.

ती मुलगी गेल्यावर आम्हीं स्वतः तीन मापें तोललीं. आलीं 96, 99 आणि 94: घाईनें अंगठा सोडण्याची आमची जुनी खोड. दुसऱ्या दिवशीं तिच्या शेजारीं आम्हीही शिकावयास बसलों.