स्मरणाची संख्या आणि साधकाची वही

परमेश्वराच्या असन्निधानात जीवाला जे साधन उरले आहे, त्यात स्मरण मुख्य होय. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण हे साधकाचे नित्याचे अन्न आहे आणि ते चुकले तर त्याची खंती वाटली पाहिजे, याविषयी परधर्मात मतभेद नाही. मतभेद आढळतो तो वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या एका गोष्टीविषयी. केलेल्या स्मरणाची नोंद ठेवावी की ठेवू नये? अनेक वासनिकांच्या घरी पूजावसराच्या जागेजवळ एक वही असते. तीत तारीखवार रकाने आखलेले असतात : पहाटे केव्हा उठणे झाले, गाठ्या किती झाल्या, पारायणाची पाने किती झाली, मौन किती वेळ पाळले. अलीकडे वहीची जागा बोटात अडकवावयाच्या गणकयंत्राने आणि भ्रमणध्वनीने घेतली आहे. एक दिवस खंड पडला की तो भ्रमणध्वनी सलग दिवसांची संख्या शून्यावर आणून ठेवतो आणि मनुष्य खिन्न होतो. साधन पालटले, प्रश्न मात्र जुनाच आहे.

वहीच्या बाजूने जे बोलले जाते ते हलके लेखू नये. जीवाचा स्वभाव विस्मरणाचा आहे. 'माझे स्मरण आतल्या आत अखंड चालते, त्याला गाठी कशाला?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आज पहाटे काय घडले एवढेच विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. अखंड स्मरण ही फार पुढची अवस्था आहे. तिचे नाव घेऊन आजच्या आळसावर पांघरूण घालणे सोपे असते. अशा वेळी संख्या ही कुंपणासारखी उपयोगी पडते. कुंपण म्हणजे पीक नव्हे हे शेतकऱ्याला ठाऊक असते, तरी तो ते काढून टाकीत नाही. नव्याने उपदेश घेतलेल्या वासनिकाला थोर मंडळी ठरावीक गाठ्यांचा नेम सांगतात, तो याच कारणाने.

हा विचार केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) याने आपल्या आत्मचरित्रात अशाच एका वहीची हकिकत सांगितली आहे. त्याने मिताहार, मौन, सुव्यवस्था असे एकेक करून १३ गुण निवडले, प्रत्येकाला वहीचे एक पान दिले, पानावर आठवड्याच्या सात वारांचे रकाने आखले आणि ज्या दिवशी जो दोष घडेल त्याच्या घरात काळा ठिपका द्यावयाचा असा क्रम ठेवला. एकेका आठवड्यात एकेका गुणाकडे विशेष लक्ष. म्हणजे १३ आठवड्यांत एक आवर्तन आणि वर्षात चार. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याच्या वहीत पुण्याची नोंदच नव्हती. नोंद होती ती दोषाची. नवे आवर्तन सुरू करताना जुने ठिपके खोडावे लागत. खोडून खोडून कागदाला भोके पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही केली आणि तीवरील खुणा ओल्या स्पंजाने तो पुसून टाकी. आरंभी त्याचे गुण १२ च होते. तू गर्विष्ठ समजला जातोस, असे एका स्नेह्याने सांगितल्यावर त्याने नम्रता हा तेरावा गुण जोडला. आणि शेवटी प्रामाणिकपणे कबूल केले की, गर्व पूर्ण जिंकला असे कधी वाटलेच तर आपल्याला आपल्या नम्रतेचाच गर्व होईल. हा मनुष्य व्यवहारी होता, मोक्षाचा अर्थी नव्हता. तरी वहीचे मर्मस्थान त्याला अचूक सापडले होते.

आता त्या मर्मस्थानाचाच विचार करू. समजा, एका वासनिकाची वही सात वर्षे अखंड भरलेली आहे. एका रात्री नेमातील दोन गाठ्या उरल्या असता दाराशी त्याची विधवा भावजय येते. तिच्या मुलाला ताप भरला आहे, सोबतीला कोणी हवे आहे. तो हाताने खूण करतो : थांब. ती उंबऱ्याशी उभी राहते. गाठ्या पुढे सरकतात, मुखाने नाम चालते. मन मात्र दोन्हीकडे ओढ घेते आणि धड कोठेच राहत नाही. थोड्या वेळाने ती मुकाट्याने दुसऱ्या दाराकडे जाते. वासनिक गाठी पूर्ण करतो आणि वहीत लिहितो : 'नेम पूर्ण.' हे अक्षर खोटे नाही. पण त्या रात्री काय घडले? ज्या दोन गाठ्यांत मूर्ती क्षणभरही डोळ्यांपुढे आली नाही त्यांना स्मरण म्हणावे काय? आणि उंबऱ्यावर जे मन दुखावले गेले त्याला रकाना कोणता? जीवाला पीडा देणे ती हिंसा, मग ती शस्त्राने असो की तोंड फिरविण्याने, असे मानणाऱ्या मार्गात हा प्रश्न टाळता येत नाही. वहीने त्या वासनिकाला आळसापासून राखले होते यात शंका नाही. त्या रात्री मात्र तो वहीला राखीत होता.

कोणी म्हणेल, हा दोष वहीचा नव्हे, त्या माणसाचा. ते अर्धेच खरे आहे. मोजण्यालाही स्वतःची एक ओढ असते. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पहिला उच्चारच लाभाचा. साधकही जेव्हा गाठ्या मोजून कागदावर उतरवितो तेव्हा नकळत त्याच्या मनात तोच उच्चार होतो, आणि महिन्याच्या अखेरीस बेरीज केली की आपण काही साठविले असे त्याला वाटू लागते.

येथे चार पदार्थांचा विचार उपयोगी पडतो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांत देवता कर्माप्रमाणे फळ देतात. जेवढे कर्म तेवढे फळ. भोगले की सरले. त्या व्यवहारात हिशेब शोभतो, कारण देणेघेणे दोन्ही मोजके आहे. परमेश्वराकडून जे अपेक्षायचे ते असे मोजके नाही. मोक्ष हा त्याच्या कृपेचा विषय आहे. जीवाने आपल्या बळावर मिळवावा आणि पावती दाखवून मागावा असा नाही. साधकाने आचरण करावे ते आज्ञा म्हणून, आणि कृपेची वाट पाहत. सात वर्षांच्या बेरजेवर जो मनातल्या मनात हक्क सांगतो, तो मुखाने परमेश्वराचे नाम घेत असला तरी व्यवहार देवतेशी करावा तसा करीत आहे. शिवाय जो सर्वज्ञ आहे त्याला वही दाखवावी लागत नाही. मग ती कोणासाठी भरली जाते, हे ज्याचे त्याने पाहावे.

आपल्या पूर्वजांना नोंदीचे महत्त्व कळत नव्हते असे तर मुळीच नाही. नोंदीचा एवढा सोस क्वचितच दुसऱ्या कोणत्या पंथाने धरला असेल. सर्वज्ञांनी गमन केल्यावर म्हाइंभटांनी भटोबासांच्या मार्गदर्शनाने लीळांचा शोध घेतला, ज्यांनी जे प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना गाठून विचारले आणि ऋद्धिपूरला वाजेश्वरीत बसून ते सारे सिद्ध केले. स्वामी कोठे उतरले, कोणापाशी काय बोलले, आरोगणा कशी झाली, एवढे बारकावे त्यात आहेत. स्थानपोथीने तर स्थानांची वर्णने दिशांसकट नोंदविली. पण ही दिनचर्या कोणाची? ती परमेश्वरावताराची आहे. म्हाइंभटांचे लेखन म्हणजे त्यांच्या स्वतःच्या साधनेची वही नव्हे. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांच्या कंठात लीळा होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. हिराइसांचा पाठ प्रसिद्धच आहे. पोथी नष्ट झाल्यावरही जे उरले ते स्मरण. आज एखाद्या साधकाची वही जळाली तर त्याच्यापाशी काय उरेल, हा प्रश्न त्याने वही आखण्यापूर्वी स्वतःला विचारावयास हरकत नाही.

मग वही टाकूनच द्यावी काय? तसे नाही. रोग्याच्या खाटेशी तापाचा तक्ता टांगलेला असतो. तो औषध नव्हे. आणि त्यावरील आकड्यांचा कोणी रोगी अभिमानही बाळगीत नाही. वैद्य आला म्हणजे त्याच्या डोळ्यांखाली जावा एवढ्यासाठी तो असतो, आणि रोग गेल्यावर त्याला कोणी जपून ठेवीत नाही. वही असावी तर अशी. तीत झालेल्या गाठ्यांपेक्षा चुकलेले प्रसंग लिहावेत, आणि शक्य तर का चुकले तेही : झोप अनावर झाली, बाजारातील भांडण मनात घोळत राहिले, पाहुण्यांपुढे गाठी काढण्याची लाज वाटली. ही टिपणे साधनदात्यापुढे किंवा जाणत्या भिक्षुकापुढे निवेदन करावीत, तो जे प्रायश्चित्त सांगेल ते घ्यावे आणि ते पान फाडून टाकावे. ज्या नोंदी कोणापुढे वाचून दाखवावयाच्या आहेत त्या लिहिताना हात आपोआप खरा चालतो. केवळ स्वतःसाठी ठेवलेल्या वहीला हा धाक नसतो.

अनुसरलेल्यांच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. ज्याने उद्याच्या अन्नाचाही संग्रह करावयाचा नाही, भिक्षेत जे मिळेल त्यावर आजचा दिवस काढावयाचा, त्याने कालच्या स्मरणाचा संग्रह झोळीत वाहावा हे विसंगत दिसते. मठांतून नव्या मंडळींच्या नेमाची विचारपूस होते ती योग्यच आहे. पण कोणाच्या गाठ्या किती याची तुलना तेथे एकदा सुरू झाली की विकल्प शिरावयास वेळ लागत नाही. ज्याच्या गाठ्या कमी भरल्या त्याने रात्रभर आजारी गुरुबंधूची शुश्रूषा केलेली असू शकते.

एक व्यावहारिक शंका उरते. संसारी वासनिक ती वारंवार विचारतात. काल राहिलेल्या गाठ्या आज दुप्पट करून भरून काढाव्यात काय? भाव चांगला असला तरी ही रीत सावकारी आहे. आजचे स्मरण हे आजचेच कर्तव्य आहे. त्यातून कालचे ऋण वळते करता येत नाही. अधिक घडले तर ते आनंदाने घडू द्यावे, पण आजच्या नावावर. कालच्या विस्मरणासाठी अनुताप आहे, निवेदन आहे, प्रायश्चित्त आहे. कालचा रकाना कोराच राहू द्यावा आणि नेहमीच्या वेळी उठून पहिली गाठ हाती घ्यावी.